वावरातल्या बॅटरीसाठी सोलर चार्ज कंट्रोलर कसा निवडायचा

सोलरचा सेट घ्यायला गेलेला माणूस प्लेटीचे वॅट विचारतो, बॅटरीचे एएच (अँपिअर-तास) विचारतो, दोन्हींवर घासाघीस करतो आणि कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो पिशवीत टाकून आणतो. "कोणताही चालते भाऊ, वीस अँपिअरचा घेऊन जा," एवढ्यावर विषय संपतो. खरं तर सेटमधली सगळ्यात लवकर मरणारी वस्तू बॅटरी असते आणि ती किती वर्षं टिकणार हे बरंचसं त्या पिशवीतल्या डब्यावर ठरतं. प्लेट वीस वर्षं उन्हात पडून राहील. बॅटरी मात्र चुकीच्या कंट्रोलरखाली दोन उन्हाळेही काढणार नाही.

ज्यांच्या वावरातल्या झोपडीपर्यंत, गोठ्यापर्यंत किंवा संत्र्याच्या बगीच्यातल्या जागलीपर्यंत महावितरणची लाईन पोचलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मेळघाटात किंवा भामरागडकडे ज्यांचं अख्खं घरच सोलरवर चालतं, त्यांनाही तो लागू पडेल. विजेचं शिक्षण नसलं तरी चालेल, फक्त एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा.

आधी एक घोटाळा दूर करू. कुसुम किंवा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाजवळ जो डबा असतो, त्यालाही कंट्रोलरच म्हणतात. तो मोटर चालवतो आणि तिथे बॅटरी नसते. त्या प्लेटांमधून वायर काढून बॅटरी चार्ज करायचा प्रयोग करू नका. त्या एका ओळीत जोडलेल्या असतात आणि टोकाला काहीशे व्होल्टचा डीसी करंट असतो. तो माणसाला धरून ठेवतो.

हा डबा करतो काय

बाजारात जिला '१२ व्होल्टची प्लेट' म्हणतात, ती कामावर असताना साधारण १८ व्होल्ट देते आणि वायर मोकळी असेल तर २२ पर्यंत जाते. ही प्लेट थेट बॅटरीला जोडली की बॅटरी भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. भरल्यावरही करंट येतच राहतो. मग तो पाणी फोडतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर जातात, पातळी उतरते आणि आतल्या शिशाच्या जाळ्या खायला लागतात. उलट बाजूने, रात्रभर पंखा-दिवे चालून बॅटरी पार उतरली आणि तशीच दोन-चार दिवस पडून राहिली, की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे कडक होतात. मेकॅनिक मग "बॅटरी बसली" म्हणतो. एकदा बसलेली बॅटरी पुन्हा पूर्ण उठत नाही.

म्हणजे कंट्रोलरला वरून थांबवायचं असतं आणि खालूनही थांबवायचं असतं. किती व्होल्टला थांबवायचं, हा आकडा प्रत्येक बॅटरीचा वेगळा असतो. म्हणून डब्यावरच्या अँपिअरआधी बॅटरी बघायची.

पायरी पहिली : बॅटरी कोणती, ते पक्कं करा

आपल्याकडे वावरात चार जातीच्या बॅटऱ्या दिसतात.

पाणी टाकायची ट्युब्युलर ही सगळ्यात जास्त. १२ व्होल्टच्या ट्युब्युलरला पूर्ण भरताना १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात आणि भरल्यावर धरून ठेवायला १३.५ ते १३.८. पहिल्या टप्प्याला बूस्ट म्हणतात, दुसऱ्याला फ्लोट. शिवाय महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तिला १५ च्या आसपास नेऊन सगळे सेल सारखे करावे लागतात. त्याला इक्वलाईज म्हणतात.

दुसरी सीलबंद बॅटरी, जेल किंवा एजीएम. हिचं बूस्ट १४.१ ते १४.४. हिला इक्वलाईज कधीच करायचं नाही, कारण आतून उडून गेलेलं पाणी परत भरता येत नाही. पोट फुगलेली सीलबंद बॅटरी तुम्ही पाहिली असेल. बहुतेक वेळा ती जास्त व्होल्टेजची किंवा जास्त करंटची शिकार असते.

तिसरी लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. चार सेलच्या बॅटरीला १४.२ ते १४.४ पुरतात. तिला इक्वलाईज नको आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणंही नको. कंट्रोलरमध्ये लिथियमचा वेगळा पर्याय नसेल तर तो डबा तिच्यासाठी घेऊच नका. आणखी एक भानगड अशी की लिथियमच्या आत स्वतःचं संरक्षक सर्किट असतं आणि ते मध्येच बॅटरी तोडू शकतं. तेव्हा प्लेटीचं सगळं व्होल्टेज कंट्रोलरवर येतं. हलका डबा त्यात जातो, कधीकधी त्याला जोडलेले बल्बही जातात.

चौथी म्हणजे ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. ती घरी पडून असते म्हणून लावली जाते. तिच्या आतल्या प्लेटा पातळ असतात, कारण तिचं काम सेल्फ मारताना दोन सेकंद जोर लावायचं. रोज रात्री अर्धी उतरवली तर ती वर्षही काढत नाही. लावायचीच असेल तर कंट्रोलरची खालची मर्यादा १२ व्होल्टला ठेवा आणि दोन बल्बच्या वर तिच्याकडून काही मागू नका.

आता दुकानात विचारायचा प्रश्न: "यात बॅटरीचा प्रकार बदलता येतो का, आणि व्होल्टेज हाताने सेट करता येतं का?" स्वस्तातल्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर बी-१, बी-२, बी-३ असे पर्याय येतात. बऱ्याचदा पहिला सीलबंदसाठी, दुसरा जेलसाठी आणि तिसरा पाण्याच्या बॅटरीसाठी असतो, पण सोबतच्या कागदावर बघूनच ठरवा. हे डबे कारखान्यातून बहुधा बी-१ वर येतात आणि वर्षानुवर्षं तसेच चालतात. मग ट्युब्युलर रोज थोडी उपाशी राहते आणि मालक म्हणतो, कंपनी बेकार.

पायरी दुसरी : नवतप्याचा हिशेब

व्होल्टेजचे हे सगळे आकडे २५ अंशांसाठी असतात. बॅटरीच्या कागदावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला मे महिन्यात आणि नवतप्यात (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा उकाड्यात बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया जोरात चालते आणि २५ अंशांना योग्य असलेले १४.४ व्होल्ट तिला फार होतात.

शिशाच्या बॅटरीचा नियम असा की दर अंशामागे दर सेलला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे. मधला ४ धरू. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे दर अंशाला २४ मिलिव्होल्ट. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर २० अंशांचे ४८० मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास अर्धा व्होल्ट. १४.४ ऐवजी १३.९ ला थांबायला हवं. डिसेंबरात गोंदिया-नागपूरकडे पहाटे बॅटरी १० अंशांवर असेल तर उलटं, तिला १४.७ च्या पुढे न्यावं लागतं. तापमान न बघणारा कंट्रोलर उन्हाळ्यात बॅटरी उकळतो आणि हिवाळ्यात उपाशी ठेवतो.

यालाच तापमान भरपाई म्हणतात. माझ्या मते शिशाच्या बॅटरीसाठी आपल्या भागात हीच सगळ्यात महत्त्वाची सोय आहे, स्क्रीन, ब्लूटूथ आणि मोबाईल अ‍ॅपच्या कितीतरी आधी. पण सेन्सर कुठे आहे ते बघा. बऱ्याच डब्यांत तो आतच असतो. कंट्रोलर बाहेरच्या तापलेल्या भिंतीवर आणि बॅटरी आत जमिनीवर गारव्यात, असं असेल तर तो चुकीचं तापमान मोजून बॅटरीला कमी चार्ज करेल. त्यामुळे वायरवाला वेगळा सेन्सर जोडता येतो असा कंट्रोलर मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. सेन्सरचं टोक बॅटरीच्या कुशीला, पाण्याच्या पातळीच्या खाली, टेपने घट्ट चिकटवायचं.

बजेट तेवढं नसेल तर हाताने करा. होळीनंतर बूस्ट १४.४ वरून १४.० वर आणा, पावसाळा लागला की परत वाढवा. त्यासाठी व्होल्टेज सेट करता येणारा डबा मात्र लागतोच.

आणि बॅटरी टिनाखाली ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. कुडाच्या भिंतीचा, गवताच्या छपराचा कोपरा टिनाच्या खोलीपेक्षा तिला कितीतरी मानवतो. फक्त हवा खेळती हवी.

पायरी तिसरी : पीडब्ल्यूएम की एमपीपीटी

दुकानदार इथे सगळ्यात जास्त बोलतो, म्हणून आपण हिशेबाने बोलू.

पीडब्ल्यूएम हा एक झटपट चालू-बंद होणारा स्विच आहे. तो प्लेटीला बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली ओढतो. एमपीपीटी प्लेटीला तिच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचं करंटमध्ये रूपांतर करतो.

१०० वॅटची ३६ सेलची प्लेट घ्या. लेबलवर १८ व्होल्ट, साडेपाच अँपिअर. पीडब्ल्यूएमवर बॅटरी १३ व्होल्टला असताना बॅटरीत जातात १३ गुणिले साडेपाच, म्हणजे ७२ वॅट. उरलेले २८ वाया. हा आकडा दाखवून तुम्हाला एमपीपीटी विकला जातो. पण लेबलवरचे १८ व्होल्ट सेल २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्याच्या दुपारी सेल ६५-७० अंशांवर जातो आणि दर अंशाला प्लेटीचं व्होल्टेज अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर पडत जातं. १८ चे उरतात साधारण १५. आता एमपीपीटीने वाचवायला मध्ये फार काही राहिलंच नाही. बॅटरी १४ वर पोचेपर्यंत दोघांतला फरक जवळपास संपतो. थंडीत तो पुन्हा दिसतो, पण थंडीत पंखाही बंद असतो.

म्हणून ३६ सेलची प्लेट, १२ व्होल्टची बॅटरी आणि सगळं मिळून २०० वॅटपर्यंतचा सेट असेल, तर चांगला पीडब्ल्यूएम घ्या. उरलेल्या पैशात जाड वायर आणि तापमानाचा सेन्सर येतो.

मोठ्या प्लेटांचं गणित वेगळं. आता ५४० वॅटची १४४ हाफ-कट सेलची प्लेट सगळीकडे मिळते आणि वॅटमागे ती छोट्या प्लेटीपेक्षा स्वस्त पडते. तिचा करंट १३ अँपिअरच्या आसपास, व्होल्टेज ४१. ही प्लेट पीडब्ल्यूएमवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला लावली तर मिळतात १३ गुणिले १३, म्हणजे १७० वॅट. दोन तृतीयांशांहून जास्त प्लेट नुसती शोभेला छपरावर बसते. शिवाय तिचं मोकळं व्होल्टेज ४९-५० असतं आणि १२ व्होल्टपुरत्या साध्या पीडब्ल्यूएमला ते झेपतही नाही. मोठी प्लेट घ्यायची तर एमपीपीटी घ्यावाच लागतो.

मधली एक फसवणूक ६० सेलच्या जुन्या २५०-२७० वॅटच्या प्लेटांची. वापरलेल्या मालाच्या बाजारात त्या स्वस्त मिळतात आणि '२४ व्होल्टची' म्हणून खपवल्या जातात. लेबलवर ३१ व्होल्ट असतात, पण मे महिन्यात ते २५-२६ वर येतात. २४ व्होल्टच्या बॅटरीला भरायला २८.८ लागतात. अशी बॅटरी उन्हाळ्यात पीडब्ल्यूएमवर कधीच पूर्ण भरत नाही, आणि बहुतेक एमपीपीटींनाही प्लेटीचं व्होल्टेज बॅटरीच्या वर असावं लागतं. अशा दोन प्लेटा एका ओळीत जोडून एमपीपीटीवर घेतल्या तरच त्यांचा उपयोग.

पायरी चौथी : आता अँपिअर

पीडब्ल्यूएमसाठी प्लेटीमागच्या लेबलवरचा शॉर्ट सर्किट करंट (Isc) बघा. समांतर जोडलेल्या प्लेटांची बेरीज करा आणि सव्वापट करा. एमपीपीटीसाठी एकूण वॅटला बॅटरीच्या व्होल्टेजने भागा.

एक नमुना करून बघू. जागलीवर ७ वॅटचे तीन एलईडी पाच तास (१०५ वॅट-तास), २५ वॅटचा डीसी पंखा आठ तास (२००), झटका मशीन (जनावरं रोखायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) ६ वॅट धरून बारा तास (७२) आणि दोन मोबाईल (२५). रोजचे झाले साधारण ४००. वायर, बॅटरी, धूळ यांची गळती धरून ५२० बनवावे लागतील. उघड्या दिवसात आपल्याकडे साडेचार-पाच तास भरउन्हाइतका प्रकाश सहज मिळतो, म्हणजे ११५ वॅटची प्लेट पुरेल. पण आषाढ-श्रावणात ढग हटत नाहीत, म्हणून १०० वॅटच्या दोन घ्या. बॅटरी: रोज ३३ एएच, दोन रात्रींचे ६७, आणि ती अर्ध्याच्या खाली न्यायची नाही म्हणून १३५. बाजारात १५० एएच मिळते.

कंट्रोलर: प्रत्येक प्लेटीचा शॉर्ट सर्किट करंट ६ अँपिअर, दोघींचे १२, सव्वापट १५. म्हणजे २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम. गरम होणारा डबा रोज भरगच्च भाराने चालवू नये, म्हणून मी नेमक्या आकड्याच्या वरचीच पायरी घेतो. पुष्कळ कंट्रोलर ४५ अंशांच्या पुढे स्वतःच करंट कमी करतात, आणि आपल्याकडे ४५ म्हणजे काय ते सांगायला नको.

एमपीपीटीचा नमुना : १५० एएचच्या दोन ट्युब्युलर एका ओळीत, म्हणजे २४ व्होल्ट, आणि ५४० वॅटची एक प्लेट. ५४० भागिले २४, साडेबावीस. ३० अँपिअरचा घ्या. हीच प्लेट १२ व्होल्टच्या एकट्या १५० एएचला लावली तर ४५ अँपिअरचा हिशेब येतो, आणि ट्युब्युलरला तिच्या एएचच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १५ अँपिअर करंट सोसतो. वीस टक्के, म्हणजे ३० अँपिअरच्या वर तिला तापवू नये. कंट्रोलरमध्ये जास्तीत जास्त चार्जिंग करंट ठरवता येत असेल तर तो तिथे बांधून टाका.

एमपीपीटी घेताना अजून एक आकडा बघायचा आणि नेमका तोच नवख्यांच्या नजरेतून सुटतो : प्लेटीकडून किती व्होल्ट चालतील. ५४० वॅटच्या दोन प्लेटा ओळीत जोडल्या की मोकळं व्होल्टेज ९९ होतं. डब्यावर '१०० व्होल्ट' लिहिलेलं असतं, माणूस खूश होतो. पण थंडीत व्होल्टेज वाढतं. पहाटे सात-आठ अंशांना ते पाच टक्के चढतं आणि १०४ च्या घरात जातं. सकाळचं पहिलं ऊन पडतं आणि डबा जळतो. दोन मोठ्या प्लेटा ओळीत घ्यायच्या तर १५० व्होल्टचाच कंट्रोलर हवा. व्होल्टेज ओलांडून जळलेल्या डब्याला वॉरंटी सहसा मिळत नाही.

पायरी पाचवी : खालचा कट

पंखा-दिवे जोडायला लोड म्हणून जी दोन टोकं असतात, ती बॅटरी उतरली की आपोआप बंद होतात. किती व्होल्टला बंद व्हावीत हे बदलता यायला हवं. स्वस्त डबे कारखान्यातून १०.७ किंवा ११.१ वर येतात. तिथवर ट्युब्युलर पार रिकामी झालेली असते. ११.६ ते ११.८ ठेवा, आणि परत चालू व्हायला १२.६. रात्री तीनला पंखा बंद पडेल, चिडचिड होईल, पण बॅटरी नवी आणायला लागणार नाही.

इन्व्हर्टर कधीही लोडच्या टोकांना जोडू नका. ६०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअरच्या वर ओढतो, २० अँपिअरचा डबा तिथेच संपेल. तो थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज टाकून. मग बॅटरी वाचवायचं काम इन्व्हर्टरच्या स्वतःच्या कटवर येतं आणि घरगुती इन्व्हर्टरमध्ये तो बहुतेक १०.५ च्या आसपास असतो, म्हणजे फारच खाली. इन्व्हर्टर घेतानाच कट वाढवता येतो का, ते विचारा.

झटका मशीनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण रानडुकरं आणि रोही ज्यांच्या धुऱ्यावर येतात त्यांचा सोलरशी पहिला संबंध तिथेच येतो. मशीन आणि पंखा एकाच बॅटरीवर असेल तर पंखा बॅटरी उतरवतो, कट पडतो आणि नेमक्या पहाटे तार मुकी होते. वरच्या नमुन्यात हिशेबापुरती मशीन एकाच बॅटरीवर धरली, पण प्रत्यक्षात तिला तिची वेगळी छोटी बॅटरी द्या. ७ एएचच्या सीलबंद बॅटरीला साधारण २ अँपिअरच्या वर करंट चालत नाही, म्हणजे ४० वॅटच्या आतली प्लेट. घरातली शिल्लक १०० वॅटची लावली तर उन्हाळ्यातच बॅटरी फुगेल. बऱ्याच मशीनमध्ये चार्जिंगचं सर्किट आतच असतं. तसं असेल तर बाहेरून दुसरा कंट्रोलर लावायची गरज नाही. आणि मशीन बंद आहे म्हणून तारेत लाईनचा करंट सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेवर माणसं आणि वाघ दोन्ही मेले आहेत.

दुकानात डबा हातात घेतल्यावर

वजन बघा. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जाड गुंडाळी असते आणि पाठीला ॲल्युमिनियमची कंगव्यासारखी चौकट. हातात धरल्यावर जो खेळण्यासारखा हलका लागतो, ज्यावर मोठ्या अक्षरात 'एमपीपीटी' छापलंय आणि किंमत पाचशे-सातशे, तो आत पीडब्ल्यूएमच असतो. आणखी एक पारख म्हणजे प्लेटीकडचं कमाल व्होल्टेज. ते फक्त २५ किंवा ५० लिहिलेलं असेल तर संशय घ्या. १०० किंवा १५० असेल तर बोलणी पुढे न्या.

घरात आधीच इन्व्हर्टर आणि बॅटरी आहे, वर फक्त प्लेट जोडायची आहे, अशांना दुकानदार 'सोलर मॅनेजमेंट युनिट' किंवा 'कन्व्हर्टर किट' दाखवतात. त्यातही चार्ज कंट्रोलरच असतो, सोबत लाईन आणि सोलर यांची अदलाबदल. वरचे सगळे प्रश्न त्यालाही विचारायचे. लिहिलेली माहितीपत्रिका, पक्कं बिल आणि जवळच्या तालुक्याला दुरुस्ती होते का, या तीन गोष्टींवर अडून बसा. ऑनलाईन दोनशे रुपये वाचवून घेतलेला डबा बिघडला की तो धारणीहून परत कुठे पाठवणार?

जोडणी

क्रम पाळा: आधी बॅटरी, मग प्लेट, मग लोड. काढताना उलट. कंट्रोलर बॅटरी बघूनच १२ की २४ ते ओळखतो. आधी प्लेट जोडली तर तो गोंधळतो किंवा जळतो. बॅटरी साफ करायला म्हणून भरउन्हात तिचंच टोक आधी काढणं, हे डबे जळण्याचं नेहमीचं कारण आहे.

वायरवर कंजूषी करू नका. छपरावरच्या प्लेटीपासून बॅटरीपर्यंत १० मीटर अंतर, १२ अँपिअर करंट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन १.७ व्होल्ट वायरमध्येच जिरतात. मे महिन्यात प्लेट १५ व्होल्ट देते, त्यातले १३.३ उरले, मग बॅटरी कुठून भरणार? सहा चौरस मिलिमीटरने तोच तोटा ०.७ वर येतो, दहाने ०.४ वर. कंट्रोलर बॅटरीपासून एक-दीड मीटरच्या आत ठेवा, म्हणजे तो बॅटरीचं व्होल्टेज खरं मोजेल. पण पाण्याच्या बॅटरीच्या डोक्यावर टांगू नका. तिथून निघणारा वायू पेटणारा असतो आणि आम्लाची वाफ टर्मिनल खाते. बाजूला, उभा, वर-खाली वीतभर मोकळी जागा ठेवून लावा. वायरच्या भोकांतून मुंग्या आणि पाली आत घर करतात, भोकं बुजवा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच फ्यूज हवा. प्लेटीच्या वायरवर ब्रेकर लावाल तो डीसीचा. घरातला साधा एसी ब्रेकर डीसीची ठिणगी विझवू शकत नाही. जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा प्लेटीचा हा ब्रेकर खाली करायचा, बॅटरी जोडलेली राहू द्यायची. प्लेटीची चौकट अर्थ करा, झटका मशीनची अर्थिंग मात्र त्यापासून दूर आणि वेगळी. काही पीडब्ल्यूएम डब्यांत प्लेट, बॅटरी आणि लोड यांचे पॉझिटिव्ह आतून एक असतात. तिथे निगेटिव्ह जमिनीला जोडू नये, माहितीपत्रिकेत हे बघून घ्या.

पहिला महिना

सूर्य उगवायच्या आधी सगळं बंद करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीचे व्होल्ट मोजा. शिशाच्या बॅटरीत १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे लोड कमी करा किंवा प्लेट वाढवा. उघड्या दिवशी दुपारी दोन-तीनपर्यंत ती बूस्टच्या आकड्याला शिवते का, तेही बघा. आठवडाभर कधीच शिवत नसेल तर वायर बारीक आहे, सेटिंग चुकलंय किंवा प्लेट कमी पडते, याच क्रमाने तपासा. लिथियममध्ये हे मोजमाप फसतं. ती बराच वेळ १३.२ च्या आसपासच दाखवते, भरलेली असो की अर्धी.

ट्युब्युलरमध्ये पाणी किती लागतं, हा कंट्रोलरचा चालता-बोलता निकाल. दर पंधरा दिवसांनी पातळी उतरत असेल तर व्होल्टेज जास्त आहे, बूस्ट ०.२ ने कमी करून बघा. सहा महिने थेंबही लागला नाही तर बॅटरी पूर्ण भरतच नसावी. पाणी बॅटरीचंच, डिस्टिल्ड. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी त्यात गेलं की कितीही चांगला कंट्रोलर काही करू शकत नाही, आणि आरओचंही टाकू नका.

इक्वलाईज करायच्या दिवशी डीसी पंखा आणि बल्ब काढून ठेवा, १५ व्होल्ट त्यांना सोसतीलच असं नाही. ते करायला पोळ्यानंतरचे उघडे दिवस बरे, कारण पावसाळाभर अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीला तेव्हाच त्याची खरी गरज असते. नवतप्यात मात्र ते टाळा.